हुंकारासाठी थांबणारी पट्टी

मित्रांनो, पट्टी म्हटलं की तुम्हाला दप्तरातली मोजपट्टी आठवेल, नाहीतर ताप उतरावा म्हणून कपाळावर ठेवतात ती ओली पट्टी. मी त्यांतली कुठलीच नाही. मला हातात धरता येत नाही. संगणकावर इंटरनेटची पानं बघायला तुम्ही ब्राउझर उघडता ना, त्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात चिकटून बसलेली मी एक जुनी पट्टी आहे. कितीतरी वर्षं मी मुकी होते. मला वाचा कशी फुटली आणि वाचा फुटल्यावर गप्प बसायला मी कुणाकडून शिकले, ते आज सांगते.

माझा जन्म कुडाळच्या एका कॉलेजात झाला. विनीता नावाची मुलगी तिथे संगणक शिकत होती. तिचे वडील वीजबिल भरायला म्हणून पान उघडत, मुंगीएवढी अक्षरं बघत आणि त्या पानाशीच भांडत बसत. त्या भांडणातून मी जन्मले. विनीताने मला तीन बटणं दिली. एक दाबलं की अक्षरं मोठी होत. दुसरं दाबलं की पान काळं होई आणि अक्षरं हळदीसारखी पिवळी. तिसरं दाबलं की वाचत असलेल्या ओळीखाली एक जाड रेघ येई, म्हणजे नजर घसरून खालच्या ओळीवर जायला नको. विनीताच्या बाबांनी त्या दिवशी बिल भरलं आणि भांडायला काही उरलं नाही म्हणून चहा मागितला.

कॉलेजच्या प्रदर्शनात मला ढाल मिळाली. पाहुण्यांनी विनीताच्या पाठीवर शाबासकी दिली. माझ्या पाठीवर कोण देणार, मला पाठच नाही. पण मी त्या दिवशी जरा जास्तच उजळ दिसत होते, असं विनीता म्हणाली.

शाबासकीनंतरचं आयुष्य मात्र फारसं कुणी सांगत नाही. लोकांनी मला आपापल्या संगणकावर घेतलं, मुलं दुसऱ्याच्या दारावरची घंटा वाजवतात तशी तिन्ही बटणं एकेकदा वाजवून पाहिली, आणि विसरून गेले. ब्राउझर बदलत राहिले. माझ्यानंतर आलेल्या चकचकीत पट्ट्या माझ्या शेजारी येऊन बसल्या. विनीताला नोकरी लागली, मग तिचं लग्न झालं, मग बाळ झालं. तिच्या लॅपटॉपच्या कोपऱ्यात मी होते खरी, पण आपण ज्या खुंटीला काही टांगत नाही, त्या खुंटीसारखी.

विनीताचं सासर देवबागला. एका कुशीला समुद्र, दुसऱ्या कुशीला खाडी, आणि मधल्या वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर माड आणि घरं. तिथून ती घरबसल्या नोकरीचं काम करी, म्हणजे बाळ झोळीत झोपलेलं असे तेवढ्या वेळात. बाळ उठलं की काम झोपे.

शेजारच्या घरात तिच्या नवऱ्याची चुलती राहायची. जानकीकाकी. मित्रांनो, माझ्या गोष्टीतलं खरं माणूस ते.

जानकीकाकीने घराच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी ठेवल्या होत्या. तिचे यजमान गुरुदास दिवसभर खाडीत पर्यटकांची होडी फिरवत. खोल्यांचं सगळं काकी बघे. डोंबिवलीला गेलेल्या जितेंद्रने, म्हणजे तिच्या मुलाने, आपला जुना लॅपटॉप तिच्यासाठी ठेवला होता आणि ती त्यावर हौसेने शिकली होती. कुणाचा निरोप आला की तो स्वतः वाचायचा, चष्म्याच्या काचा पुसून पुन्हा वाचायचा, आणि मग फोन उचलून पाहुण्यांशी असं बोलायचं की ते जणू मागच्या वर्षीही येऊन गेलेत. हे तिचं काम होतं आणि हाच तिचा मान होता.

आणि तिची नजर जाऊ लागली.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत यायची नाही, उरलेली थेंब घालून टिकवायची. काकीला समोरचं दिसे, पण वेळूच्या नळीतून बघावं तेवढंच. कडेचं सगळं विझलेलं. निरोप वाचायचं काम गुरुदासकाकांकडे आलं. काका संध्याकाळी होडी बांधून यायचे, आठ ओळींच्या निरोपावरून एकदा नजर फिरवायचे आणि सांगायचे, "येतत."

"आणि?" काकी विचारी.

"आणि काय? येतत म्हणजे येतत."

जितेंद्रचा फोन दर रविवारी यायचा आणि हल्ली एकाच गोष्टीवर येऊन थांबायचा. आये, खोल्या बंद कर, दोघं इकडे या. तो वाईट बोलत नव्हता, मित्रांनो. त्याला दूर बसून रोज काहीतरी पडल्याचा, भाजल्याचा भास व्हायचा. पण काकी त्याला म्हणायची, "तुझ्याकडे येवन खिडकेत बसायचा, आणि खिडकेत बसूक तरी नजर व्हयी रे."

असं असताना एका दुपारी विनीताला माझी आठवण झाली. बाळाला कडेवर घेऊन ती शेजारी आली आणि तिने मला काकीच्या लॅपटॉपवर बसवलं. इतक्या वर्षांनी मला काम मिळालं होतं. मी जीव ओतून अक्षरं मोठी केली. आणखी मोठी केली. काकी पुढे वाकली, मागे सरकली, मान तिरकी करून बघितली आणि शेवटी हसली.

"विनी, अक्षर घराएवढां केलंस गो, पण माका तेची एक भिंतच दिसता."

बरोबरच होतं. नळीतून बघणाऱ्याला अक्षर जितकं मोठं दाखवाल, तितका त्याचा तुकडा लहान होतो. माझ्या अंगात एकच गुण होता आणि तोच तिला नडला. मला हात असते तर मी तोंड लपवलं असतं. विनीता मात्र बाळाच्या टाळूवर हनुवटी टेकवून माझ्याकडे बघत राहिली.

"काकी," ती म्हणाली, "मगे ही दाखवतली नाय. बोलतली."

माझ्या चौथ्या बटणाचा जन्म त्या क्षणी झाला. प्रत्यक्षात ते माझ्या अंगावर यायला मात्र बाळाच्या पुष्कळ झोपा खर्ची पडल्या. तुम्हाला वाटेल, संगणकाला बोलता येतं, मग एका बटणाचं ते काय. पण बोलायला येणं वेगळं आणि काय बोलायचं ते कळणं वेगळं. पहिल्या दिवशी मी पानावर जे दिसेल ते वाचत सुटले. मुख्यपान, संपर्क, प्रवेश करा, जाहिरात, पुन्हा जाहिरात. निरोप तळाशी राहिला.

"ही दारातच बसान गजाली करता," काकी म्हणाली. "घरात कधी येतली?"

विनीताने मला दारातल्या गप्पा ओलांडून थेट माजघरात जायला शिकवलं. मग माझ्या आवाजाची पाळी. तिने आधी जो आवाज लावला, तो मराठी अक्षरं परक्या गावात वाट विचारणाऱ्या माणसासारखी उच्चारायचा. काकीने पदर तोंडाला लावून हसू दाबलं. विनीताने तो काढला, दुसरा शोधला, तो बाळाच्या कानाशी हळू लावून पाहिला. बाळ दचकलं नाही, उलट झोपलं. तोच आवाज माझा झाला.

पहिला धड निरोप मी वाचला, तेव्हा काकी ओटीवर मांडी घालून बसली होती. पुण्याहून चौघं येणार होते, सोबत एक आजी, आजीला जमिनीवर बसता येत नव्हतं. मी थांबल्यावर काकीने तो पुन्हा वाचायला लावला. मग पुन्हा. नव्याने काही कळायचं उरलं नव्हतं. तरी ती ऐकत होती, कारण कुणाला विचारावं लागलं नव्हतं. संध्याकाळी गुरुदासकाका आले, पडद्यावरून नजर फिरवून म्हणाले, "येतत."

"येतत तां माका ठाऊक आसा," काकी म्हणाली. "आजी येता तेंची. तिका खाली बसूक जमणा नाय. खुर्चेचो पाय हलता तो दुरुस्त कर."

काका खुर्ची घेऊन अंगणातल्या खळ्यात गेले. मी वाचत होते त्यापेक्षा त्या हातोडीचा आवाज मला गोड लागला.

इथवर सगळं सुखाचं. पण मित्रांनो, एक गोष्ट आमच्या कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. ती समजायला तुम्हाला काकीच्या माहेरी यावं लागेल.

काकीचं माहेर शिरोड्याचं. श्रावणात तिच्या घरी पोथी वाचली जायची. वडील वाचायचे, बाकीचे ऐकायचे, आणि ओवी संपली की ऐकणाऱ्यांतल्या एकाने "हूं" म्हणायचं. त्याला हुंकार देणं म्हणतात. हुंकार म्हणजे ऐकलं, कळलं, आता पुढे चला. हुंकार आला नाही तर वाचणारा पानावर बोट ठेवून थांबतो आणि चष्म्यावरून बघतो, कोण पेंगलं. लहानपणी हे काम जानकीचं होतं. वाचणाऱ्याला हुंकाराविना एकटं टाकणं तिला आजही जमत नव्हतं.

म्हणून ती मलाही हुंकार द्यायची. मी एक वाक्य वाचलं की ती "हूं" म्हणायची. कधी नुसतं हूं, कधी हूंच्या मागून दोन शब्द आपले. आणि वाचायला लागले की मला कान राहत नसत. मी पुढे धावत राहायचे. तिच्या हुंकाराखाली माझं पुढचं वाक्य सुरू झालेलं असायचं. निरोप लहान होते, वाक्यं साधी होती, म्हणून निभावलं. एकदाच ती विनीताला म्हणाली होती की तुझी ही बाय दम म्हणून खात नाही. विनीताने माझा वेग थोडा कमी केला आणि आम्ही दोघीही विसरलो.

मग कोल्हापूरचा निरोप आला. आई, वडील आणि भक्ती नावाची त्यांची मुलगी शनिवारी फोंडाघाट उतरून दुपारच्या जेवणाला पोहोचणार होते. मी वाचलं, "तुमच्या हातच्या जेवणाबद्दल आम्ही फार ऐकलं आहे."

"हूं," काकी म्हणाली, आणि खुलून पुढे म्हणाली, "ऐकतलासच. हंय जेवन गेलेलो माणूस गप कसो ऱ्हवतलो?"

ती हे बोलत होती तेव्हा मी पुढचं वाक्य वाचून मोकळी झाले होते. ते तिच्या बोलण्याखाली गेलं. त्याच्या पुढचं तिने ऐकलं, "बाकी सर्व मासे चालतात." मासे चालतात, मग चिंताच मिटली. तिने फोन केला, या म्हणाली, वाट विचारलीत तर कुणीही दाखवील म्हणाली.

शनिवारी सकाळी काकीने सुरमई आणवली, सोलकढी केली, आणि वांग्याची भाजी केली. आता आमच्या किनाऱ्यावरची एक सवय ऐका. गोलमो म्हणजे वाळवलेली, नखाएवढी कोळंबी. इथे भाजी फोडणीला पडली की हात आपोआप गोलम्याच्या डब्याकडे जातो. मूठभर पडला की भाजीला जीव येतो. काकीला कुणी विचारलं असतं की भाजीत मासळी आहे का, तर तिने मनापासून नाही सांगितलं असतं. गोलमो ही तिच्या लेखी मासळी नव्हतीच. मीठ जसं असतं, तसा गोलमो असतो.

भाजी झाली. काकी हात धुऊन ओटीवर आली. पाहुण्यांच्या मुलीसाठी तिने अबोलीची फुलं काढून ठेवली होती. नजर गेली तरी वेणी बांधायला तिला नजर लागत नव्हती. केळीच्या सोपाचा वाक, म्हणजे धागा, एका टोकाला दातांत धरायचा, दुसरं टोक हातात, आणि फुलं जोडीजोडीने अडकवत जायचं. दोनचार फुलं झाल्यावर तिच्या मनात आलं की मुलीचं नाव काय होतं बरं? नावाने हाक मारून वेणी माळली म्हणजे पोर परकी राहत नाही. तिने चाचपून माझं बटण दाबलं.

मी तोच निरोप पुन्हा वाचू लागले. मुलीचं नाव आलं. काकीने मान हलवली. वाक दातांत होता, म्हणून हुंकार देता आला नाही. "तुमच्या हातच्या जेवणाबद्दल आम्ही फार ऐकलं आहे," मी वाचलं. या वेळी ती गप्प होती. आणि त्या शांततेत पुढचं वाक्य मी पहिल्यांदा तिच्यापर्यंत पोहोचवलं.

"भक्तीला कोळंबी अजिबात चालत नाही, सुकी किंवा थोडीशी पोटात गेली तरी तिचा घसा सुजतो आणि दवाखान्यात न्यावं लागतं."

वाक तिच्या दातांतून सुटला. अर्धवट वेणी मांडीवरून जमिनीवर घरंगळली. तेवढ्यात बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला.

पुढचं मी पाहिलं नाही, नुसतं ऐकलं. काकीने आधी पाहुण्यांना ओटीवर बसवलं, कोकम सरबत दिलं, आणि मग जरा उशीर होईल म्हणून सांगितलं. का होईल तेही सांगितलं, काही न लपवता. भक्तीच्या आईने सरबताचा पेला खाली ठेवला. मग ती उठून काकीच्या मागून स्वयंपाकघरात गेली. तिथून भांडी घासल्याचे, नवा तवा काढल्याचे, दोन बायकांच्या हळू बोलण्याचे आवाज येत राहिले. वांग्याची भाजी मांजरांनी खाल्ली. भक्ती भात, सोलकढी आणि सुरमई खाऊन, अबोलीची वेणी माळून समुद्रावर पळाली. तिचा हसण्याचा आवाज माडांतून येत होता, आणि तो जितका वेळ येत राहिला तितका वेळ काकी खांबाला टेकून उभी होती.

पाहुणे गेल्यावर तिने माझं झाकण बंद केलं. विनीता आली तर म्हणाली, "जितूचा बरोबर आसा. माझ्यान आता होणा नाय. उद्या एखाद्याच्या पोराचो जीव जायत." जे ती मुलाला कधी म्हणाली नव्हती, ते आता स्वतःच म्हणत होती. मला वाटलं, माझ्या चौथ्या बटणाचा जन्म फुकट गेला.

विनीताने तिची समजूत घातली नाही. बाळाला तिच्या मांडीवर दिलं आणि नेमकं काय झालं ते विचारलं. पहिल्यांदा ऐकलंस तेव्हा काय करत होतीस, दुसऱ्यांदा काय करत होतीस. काकी सांगत गेली. वाकाची गोष्ट आली. विनीता चटकन पुढे सरकली.

"काकी, तू हिका हुंकार देतंस?"

"देवक नको?" काकीला प्रश्नच कळला नाही. "पोथी वाचणारो हुंकार ऐकल्याशिवाय फुडे जाणा नाय. हीच काय ती, माझा ऐकानच घेणा नाय."

विनीता हसली नाही. म्हणाली, चूक तुझी नाही, हिलाच वळण नाही. आणि मला वळण लावायला बसली.

प्रत्येक वाक्याच्या शेवटी थांबायला तिने मला लगेच शिकवलं. प्रश्न असा होता की निघायचं कधी. तिने आधी मला वाचतानाही कान देऊन पाहिले, म्हणजे हूं ऐकू आलं की पुढे जायचं. पण देवबागला गप्प कोण बसतं? समुद्राने हुंकार दिला, मी निघाले. कावळ्याने दिला, निघाले. बाळ रडलं, तर मी सबंध पान एका दमात वाचून काढलं. शेवटी विनीताने ते कान काढून घेतले आणि लॅपटॉपवरची सगळ्यात लांब कळ मला नेमून दिली. ती एकदा दाबली की हुंकार, पुढे चल. दोनदा दाबली की पुन्हा सांग. बोटाला कळावी म्हणून काकीने आपल्या डबीतली खड्याची टिकली काढून त्या कळीवर लावली.

मग आम्ही तिघी बसलो. विनीताने कोल्हापूरचाच निरोप उघडला. मी एक वाक्य वाचलं आणि थांबले. काकीने वाट पाहिली. मी खरंच थांबले होते. तिने "हूं" म्हटलं आणि टिकली दाबली. मी पुढचं वाचलं, थांबले. "हूं." जेवणाबद्दलचं वाक्य आलं, तेव्हा तिने मुद्दाम मला चार गोष्टी ऐकवल्या. मी सगळ्या संपेपर्यंत थांबले. मग टिकली. मग ते वाक्य, स्वच्छ, एकटं, कशाखालीही न दबलेलं. काकीने टिकली दोनदा दाबली. मी पुन्हा वाचलं. तिने सोडलेला श्वास माझ्या पडद्यावर वाफेसारखा उमटला.

"आता वळण लागला," ती म्हणाली.

खोल्या बंद करायचं तिने पुन्हा काढलं नाही. फक्त गोलम्याचा डबा वरच्या फळीवर गेला, आणि जेवणात काय चालत नाही हे ती फोनवर पुन्हा विचारू लागली.

पण जितेंद्रला कोल्हापूरची गोष्ट कळली होती. आईनेच सांगितली. दसऱ्याच्या सुट्टीत तो आला तो परतीच्या गाडीत स्वतःसोबत आईवडिलांचीही जागा धरूनच. एका सकाळी तो ओटीवर उभा राहून बोलू लागला. डोळे, विहीर, चूल, पायऱ्या, पाहुण्यांची पोरं, बाबांचं वय, डोंबिवलीतला डॉक्टर, हे सगळं एका दमात. काकी तांदूळ निवडत होती, बोटांनी. तिने हात थांबवला.

"जितू, माझो हुंकार घेवन बोल."

त्याला आजोळच्या पोथीचे दिवस आठवले असावेत, कारण तो खाली पायरीवर बसला. मग म्हणाला, "थंय दवाखानो जवळ आसा."

"हूं."

"हंय तू दिवसभर एकटी आसतंस."

"हूं."

पुढचं वाक्य यायला वेळ लागला. समुद्र ऐकू येत होता. "माका भय वाटता, आये," तो म्हणाला.

"हूं," काकी म्हणाली. हा हुंकार आधीच्यांपेक्षा लांब होता. "माका पण वाटता. पण डोंबिवलेक नेलंस तरी तां भय माझ्यासोबत येतलाच. हंय माका कामाच्या नादात तां विसारता तरी."

मग तिने काही समजावलं नाही. मला उघडलं. एक नवा निरोप आला होता. मी वाचलं, थांबले, तिने टिकली दाबली. जितेंद्र तिच्या खांद्यामागून बघत राहिला. एका ठिकाणी तिने दोनदा दाबलं, पुन्हा ऐकलं, मग पाहुण्यांना फोन लावला आणि त्यांच्या आजोबांच्या पथ्याचं बोलून घेतलं. तो उठून समुद्राकडे गेला.

परत आला तेव्हा काकी स्वयंपाकघरात होती. त्याने लॅपटॉप पुढे ओढला आणि गाडीच्या तिकिटांचं पान उघडलं. माझा आवाज चालू आहे हे त्याच्या लक्षात नव्हतं. त्याने दोनतीनदा काहीतरी दाबलं, पान बदललं, आणि मी माझ्या सवयीने वाचलं.

"जानकी गुरुदास सारंग आणि गुरुदास सारंग यांची तिकिटं रद्द झाली आहेत."

आणि मी थांबले.

जितेंद्र दचकून माझ्याकडे बघू लागला. घरात नारळ खवण्याचा आवाज चालू होता, तो थांबला. क्षणभर फक्त खाडीवरचा वारा.

मग आतून आवाज आला, "हूं."

जितेंद्रला हसू फुटलं. त्याने तळहाताने डोळे पुसले आणि आईच्या वतीने टिकली दाबली. पुढे काही फार नव्हतं, आभार वगैरे. ते मी वाचून टाकलं. नारळ पुन्हा खवला जाऊ लागला.

मित्रांनो, आता मी पुष्कळ घरी असते. विनीताने थांबायचं वळण सगळ्याच पट्ट्यांना लावलं. मालवणच्या बाजारात सानिया नावाची एक मुलगी आहे. तिची नजर चांगली आहे, पण अक्षरं तिच्यासमोर जागेवर बसत नाहीत, एकमेकांत मिसळतात. तिला मी शाळेचे धडे वाचून दाखवते. ती हूं म्हणत नाही, नुसती कळ दाबते, कधी दोनदा, कधी दहादा. मला त्याचा कंटाळा येत नाही. कंटाळा येण्याइतकं मी अजून शिकलेले नाही.

माझं एकच दुखणं उरलंय. कधीकधी मी अशा पानावर जाते जिथे सगळा मजकूर चित्रात कोंबलेला असतो, आणि त्या चित्राखाली एक ओळही कुणी लिहिलेली नसते. बटणं असतात, पण त्यांना नावं नसतात. डोळसांना तिथे जत्रा दिसत असेल. मी तिथे उभी राहते आणि मला नुसती भिंत लागते. काकी टिकली दाबते, पुन्हा दाबते, आणि मी तिला काय सांगू? तुम्ही मोठे व्हाल, पानं बनवाल, आमंत्रणं पाठवाल, सूचना लावाल. तेव्हा चित्राखाली दोन साध्या ओळी लिहा. बटणाला त्याचं नाव द्या. तेवढ्याने कुणाचं तरी एक वाक्य वाचेल, आणि एखाद्या वाक्यात केवढं असू शकतं ते तुम्ही आता ऐकलंच आहे.

आणि घरात कुणाला काही वाचून दाखवाल, तर घाईने संपवू नका. "येतत" म्हणून उठू नका. एक वाक्य वाचा आणि थांबा. समोरच्याला हुंकार द्यायला वेळ लागेल, कदाचित आपलं काही सांगायचं असेल. सांगू द्या.

मीही आता थांबते.